उलट्या नांगीचा विंचू

(उस्मानपुऱ्यातला कातडीच्या डॉक्टरचा दवाखाना, दुपारची वेळ. ऐंशीच्या सखूबाईच्या डाव्या हाताला चिकटलेलं फडकं डॉक्टर रोहिणी ओल्या बोळ्यानं सोडवते आहे. सून आशाबाई पिशवी घेऊन शेजारी उभी.)

डॉक्टर : बिब्बा? आजी, या हातावर तुम्ही बिब्बा लावलात?

सखूबाई : लावला. मंग काय झालं? जन्मभर लावला की. टाचाच्या भेगाला लावला, मेंढराच्या खुराला लावला. कुनी मेलं नाय.

आशाबाई : मेलं नाय, पण हात बघा की. म्याडम, चार दिवस पदराखाली झाकून ठेवला यांनी. मला म्हणायच्या, भाकरीची वाफ लागली. मी म्हणलं, आत्याबाई, भाकरी तर मी करते, वाफ तुम्हाला कुठून लागली?

सखूबाई : तू गप. तुला कुनी इचारलं?

आशाबाई : विचारलं की. शेजारची वच्छलाबाई विचारून गेली, "सासूला चटका दिलास का गं आशे?" तोंडावर विचारलं. एवढी वर्षं डोक्याला तेल लावून दिलं, पाय चेपून दिले, आणि आता गल्लीत माझं हे नाव.

सखूबाई : वच्छीचं त्वांड म्या बंद करते. तू रडू नगं.

आशाबाई : मी कुठं रडायले?

डॉक्टर : थांबा जरा दोघी. आजी, शेवटचा कोपरा राहिलाय. दुखेल थोडं.

सखूबाई : वढ तू. सोसंन मला.

डॉक्टर : झालं. सुटलं. आता मला एक सांगा. बिब्ब्याचं तेल सांडलं असतं तर असे फोड आले नसते. हे रेघेरेघेनं आलेत. एक इकडं वळलाय, एक तिकडं. हे सुईनं लावलंय.

आशाबाई : सुईनं? आत्याबाई!

सखूबाई : डॉक्टरीन हुशार दिसती. कोन्त्या गावची तू?

डॉक्टर : लासूर स्टेशनजवळची. सांगा ना, सुईनं का लावलंत?

सखूबाई : लासूरची? तुमचं रान कोन्तं?

डॉक्टर : ओढ्याकाठचं. तात्यासाहेब म्हणायचे माझ्या आजोबांना. तुमच्या लोकांची मेंढरं खतासाठी बसायची आमच्या रानात. आजी सांगायची, ज्या साली मेंढरं बसली त्या साली ज्वारी डोक्याच्या वर जायची. पण तुम्ही विषय बदलू नका.

सखूबाई : मनकर्णाबाई तुझी आजी का काय? कपाळाला ठसठशीत गोंदल्यालं?

डॉक्टर : हो! तुम्ही पाहिलंय तिला?

सखूबाई : पाह्यलंय म्हंजी? कालवणाचं गाडगं घिऊन वाघरापातूर, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीपातूर येयाची. आमाला गरम, अन कुत्र्याला येगळी भाकर. लई हाताची मोकळी बाई. हाय का?

डॉक्टर : नाही. बारा वर्षं झाली. मी लहान असताना तिच्या हाताच्या पाठीवरचं कातडं चिमटीत धरायचे आणि सोडायचे. ते तसंच उभं राहायचं. माझं लगेच खाली बसायचं, तिचं बसायचं नाही. मी विचारायचे, असं का गं? ती म्हणायची, माझं कातडं आता दमलंय.

आशाबाई : म्हणून कातडीच्या डॉक्टर झालात का?

डॉक्टर : त्याच्यामुळंच झाले असेन, काय माहीत. आजी, फोडांच्या खाली गोंदण आहे ना?

सखूबाई : हाय. काय हाय सांग बरं ते.

डॉक्टर : हिरवट डाग दिसतोय. मध्ये फोड आहेत, त्यामुळं नीट... पान आहे का? तुळस?

सखूबाई : घे. हिला बी दिसंना. शिकल्याली हाय, भिंग हाय, तरी दिसंना. इच्चू हाय तो.

डॉक्टर : विंचू?

सखूबाई : इच्चू. अन उलट्या नांगीचा. समद्या पोरीच्या इच्चवाची नांगी उजवीकडं, माझ्या इच्चवाची डावीकडं. मला आख्खा वाडा "उलट्या नांगीची सखू" म्हनायचा. वाडा म्हंजी आमचा, मेंढराचा. तुमच्यावानी दगडी नाय.

आशाबाई : म्याडम, आता मला कळलं. मागल्या रविवारी लग्नाला गेलो होतो फर्दापूरला. तिथून आल्यापासून या गप-गप. जेवण कमी. कुठून तरी बिब्बे आणले, म्हणल्या गुडघ्याला लावते.

डॉक्टर : लग्नात काय झालं?

सखूबाई : दगडी भेटली.

डॉक्टर : दगडी कोण?

सखूबाई : दगडाबाई. माझ्यासंगं कोकरं राखायची. येका घोंगडीत निजायचो आमी. साठ वर्सानं दिसली. म्या वळखलं तिला, चालन्यावरून. ती मला वळखीना. म्हनलं, आगं मी सखू. तर नुस्ती बघाय लागली. मंग म्या हात म्होरं केला. म्हनलं, हे बघ, हे तर वळखशील. तर हातावरून बोट फिरिवलं अन म्हनली, "हे कशानं भाजलं गं बाई?"

आशाबाई : त्या दगडाबाईला मोतीबिंदू आहे. अर्ध्या लोकांना ती ओळखत नव्हती.

सखूबाई : तुला दिसतंय का मंग? तुला मोतीबिंदू हाय? या डॉक्टरनीला हाय?

डॉक्टर : म्हणून तुम्ही बिब्बा लावलात. रेघा पुन्हा उठाव्यात म्हणून.

सखूबाई : व्हय. परीट कपड्यावर बिब्ब्यानं खून करतो. धोतर फाटंल, खून मरत नाय. म्या म्हनलं, कापडावर ऱ्हाती तर कातड्यावर काऊन नाय ऱ्हानार? दिव्यावर बिब्बा धरला, तेल आलं का सुईनं जितं जितं आठवलं तितं लावलं. डोळ्याला बी नीट दिसंना. बोटानं चाचपून केलं.

डॉक्टर : तीस वर्षांच्या असताना केलं असतंत तर थोडं लाल होऊन सुटला असतात कदाचित. आता तुमचं कातडं कागदाइतकं पातळ झालंय.

सखूबाई : ते म्या पाह्यलंय. दाराची कडी लागली तरी काळंनिळं व्हतं. अन राशनच्या मशीनला अंगठा लागना. चार येळा लावते, मशीन म्हनती ही बाईच नाय.

आशाबाई : तिथं मी भांडते. म्हणलं, बाई समोर उभी आहे, दिसत नाही का?

डॉक्टर : अंगठ्याच्या रेघासुद्धा झिजतात. काम करून आणि वयानं.

सखूबाई : पर असं काऊन व्हतं, ते सांग. त्वांड सुरकुतलं, म्या म्हनलं चालतंय. दात गेलं, चालतंय. पर गोंदन? गोंदन तर मेल्यावर बी संगं येतं म्हनत्यात. डाग-दागिनं उतरून घेत्यात, मनी काढून घेत्यात, गोंदन कुनी काढू शकत नाय. मंग ते काऊन हाललं?

डॉक्टर : सांगते. पट्टी बांधेपर्यंत ऐकायचं, आणि हात हलवायचा नाही. कातड्याचे थर असतात. सगळ्यात वरचा थर सारखा झडत असतो आणि खालून नवा येत असतो. लहानपणी महिन्याभरात नवा येतो, म्हातारपणी त्याला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे दहा वर्षांच्या सखूच्या अंगावरचा तो वरचा थर आज नखाएवढासुद्धा उरलेला नाही.

सखूबाई : काय बोलती! म्हंजी म्या ती सखू नव्हंच?

आशाबाई : म्याडम, असं नका सांगू. रात्रीच्या झोपायच्या नाहीत या.

डॉक्टर : ऐका पुढं. त्याच्या खाली जाड थर असतो. सगळा पीळ तिथं. आजी, तुमच्याकडं घोंगडी होती ना? नवी घोंगडी कशी असते?

सखूबाई : ताठ. चिंचोक्याची खळ आसती तिला. जिमिनीवर उभी केली तर उभी ऱ्हाती.

डॉक्टर : आणि जुनी?

सखूबाई : मऊ. सैल. दुमडली तर दुमडल्याजागी ऱ्हाती.

डॉक्टर : तसंच. त्या थरात धागे असतात. वयानं धागे तुटतात, नवे कमी येतात, वीण सैल होते. म्हणून सुरकुती पडते. चिमटीत धरलं तर उभं राहतं ते त्यामुळंच. त्याच्याही खाली थोडी चरबी असते, ती हातापायावरची विरघळून जाते, मग शिरा वर दिसतात. तेलाच्या गाठी सुकतात, म्हणून थंडीत खाज सुटते.

सखूबाई : थंडीत रात रात खाजवते. ही म्हनती, पानी घाला अंगावर.

आशाबाई : मी तेल म्हणले होते. खोबरेल.

डॉक्टर : तेल बरोबर आहे. पण आजी, एक गंमत दाखवू? चोळीची बाही वर करते. दंडाची आतली बाजू बघा, जिथं ऊन कधी लागलंच नाही.

सखूबाई : अगं बया. हे माझंच हाय का?

डॉक्टर : तुमचंच. हेही ऐंशीचंच आहे.

सखूबाई : हे तर आशीच्या गालाहून बरं हाय.

आशाबाई : घ्या. इलाज यांचा आणि नाव माझं. म्याडम, आता विषय निघाला म्हणून, माझ्या गालावरच्या वांगाला काही मलम द्या ना. टीव्हीवरची तीन लावून झाली.

डॉक्टर : देते. आधी डोक्यावरून पदर पुढं ओढून कामाला जात जा. कारण तेच आहे. आजीचं मनगट आणि आजीचा दंड, वय एकच. फरक केला उन्हानं. वय आपल्या गतीनं चालतं, पण ऊन त्याला पळवतं.

सखूबाई : उन्हाचं काय सांगती मला. कन्नडच्या घाटापासून गोदावरीपातूर पायी. कडूबा, म्हंजी माझा बाप, म्होरं. मधी मेंढरं. मागं घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, अन कोंबड्याच्या वर म्या. आय पायी चालायची, पोटाशी तान्हं बांधून. सावली म्हंजी घोडीच्या पोटाखाली आसंल तेवढीच. लई ग्वाड दिस व्हते बाई. उन्हाचं कुनाला काय वाटायचंच नाय.

डॉक्टर : गोंदण तेव्हाचंच?

सखूबाई : पुलिस ॲक्शन झाली त्याच्या म्होरल्या साली. दहाची आसंन म्या. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रझाकाराच्या गडबडीत समदी लोकं गावं सोडून चालली व्हती. लासूरच्या ठेसनावर ही गर्दी. तितं म्या हारिवले. आयचा हात सुटला, कुनाचा तरी दुसऱ्याचा धरला, बघते तर आय नाय. हिकडं आय येड्यावानी फिरायली. ठेसनमास्तर भला मानूस व्हता, त्यो इचारायचा, "निशानी बोलो बाई, निशानी." आयला सांगता यीना. काळी हाय, नऊ वर्साची हाय, परकर नेसल्याली हाय. तसल्या पोरी तितं पन्नास. ती नुस्ती म्हनायची, माझी हाय, माझी हाय.

आशाबाई : मग सापडलात कशा?

सखूबाई : आमचा मल्हारी चुलता पानी बघाया गेला, तर म्या कापसाच्या गठड्याच्या मागं झोपल्याली. दिस बुडाला व्हता. आयनं आधी थोबाडीत ठिवून दिली, मंग रातभर पोटाशी धरलं. समदं थंड झाल्यावर जत्रंत गोंदनारीन बसली व्हती, तितं मला वढत नेलं. गोंदनारीन म्हनली, तुळस काढू का पाळना? आय म्हनली, इच्चू काढ, अन नांगी उलटी काढ. गोंदनारीन म्हनली, आसं नसतं काढत. आय म्हनली, नसतं म्हनूनच काढ. समद्याच्यासारखी खून काय कामाची? म्हनली, सखे, आता कुटं बी हारव, इतं हारव न्हायतर वर गेल्यावर हारव, म्या तुला हातावरून वळखंन.

डॉक्टर : दुखलं असेल खूप.

सखूबाई : तीन सुया येकात बांधल्याल्या. म्या बोंबलत व्हते. आयनं मांडीवर दाबून धरलं. काजळी कालवाया गोंदनारीन पानी घ्याया लागली, तर आय म्हनली, पानी नगं, थांब. तवा भाऊ तान्हा व्हता अंगावर. तिनं वाटीत आपलं दूध काढून दिलं. त्या दुधात काजळी कालवली, अन ती माझ्या हातात घातली.

डॉक्टर : आणि पुढं?

सखूबाई : म्होरं काय. म्होरल्याच वर्सी पटकीची साथ आली. आय गेली अन ते वर्साचं लेकरू बी गेलं, येका दिसात. वाटंतच पुरलं. दुसऱ्या दिशी बापानं मेंढरं हालिवली. जागा बी ध्यानात नाय आता. मला अकरावं लागल्यालं. म्हनून इच्चू तेवढा व्हता बाई. आता तू मला दुसरा काढून दे. तुझ्याकडं मशीन आसंन.

डॉक्टर : माझ्याकडचं मशीन गोंदण काढून टाकतं, घालत नाही.

सखूबाई : मंग निराला बाजारात पोरं गोंदून घेत्यात, तितं जाईन. आशी नेईल.

आशाबाई : मी अजिबात नेणार नाही.

सखूबाई : मंग रिक्षावाला नेईल.

डॉक्टर : आजी, माझ्याकडं बघा. हे फोड भरायलाच महिना-दीड महिना लागेल. तरण्या माणसाचे पंधरा दिवसांत भरतात, तुमच्या कातड्याला तेवढी घाई जमणार नाही. त्याच्यावर सुया मारल्या तर जखम चिघळेल, साखर आहे तुम्हाला. हात गमवाल.

सखूबाई : हात राहून तरी काय करू? खूनच गेली तर हात कुनाला दावायचा?

डॉक्टर : खूण गेलेली नाही. बिब्ब्यानं वरचा थर जाळलाय. गोंदण त्याच्या खालच्या थरात असतं. म्हणून तर ते सत्तर वर्षं राहिलं.

सखूबाई : मंग पसारलं काऊन?

डॉक्टर : त्या थरात शरीराचे राखणदार असतात. बाहेरचं काही आत आलं की ते गिळून टाकतात. सुईनं काजळी आत गेली तेव्हा त्यांनी ती गिळली. पण काजळी काही पचेना. मग एकेक राखणदार ती पोटात धरून बसला. पुढं तो मेला, काजळी मोकळी झाली, शेजारच्यानं उचलली. तोही मेला, तिसऱ्यानं उचलली. सत्तर वर्षं हेच चाललंय. प्रत्येक वेळी केसभर इकडं-तिकडं सरकते. त्यात खालची वीण सैल झालेली. म्हणून रेघा फुगल्या आणि एकमेकींत गेल्या.

सखूबाई : पर काजळी तीच?

डॉक्टर : काजळी तीच. दूध कधीच जिरलं असेल, खोटं सांगत नाही. पण काजळी तीच, तुमच्या आईसमोर घातलेली.

आशाबाई : म्हणजे आत्याबाईंचं सगळं बदललं, आणि तेवढी काजळी बदलली नाही?

डॉक्टर : हं. आणि आजी, निराला बाजारातली शाई वरून घातली तर ती तुमच्या आईच्या काजळीत मिसळेल. मग मला काय, कुणालाच वेगळी काढता यायची नाही.

सखूबाई : ...मिसळंल?

डॉक्टर : मिसळेल.

सखूबाई : मंग नगं. ऱ्हाऊ दे. आयच्या दुधात बाजारचं पानी कशाला.

आशाबाई : सुटलो. म्याडम, मी आता पेढे आणते तुम्हाला.

सखूबाई : काय सुटली? माझं काय सुटलं त्यात? काजळी हाय, मानलं. राखनदारानं टाकून नाय दिली, चांगलं झालं. पर वाचता तर येत नाय ना! तुला भिंगानं वाचता यीना, तितं माझ्या आयला काय येनार? तिला मी दहा वर्साची ठाव. हे त्वांड ठाव नाय, ही पांढरी डोई ठाव नाय.

आशाबाई : आत्याबाई, तुमची आई कितीची होती जाताना?

सखूबाई : पंचवीस. लई तर सव्वीस.

आशाबाई : म्हणजे तुमच्या नातवाच्या, आपल्या पुंजारामच्या बायकोएवढी?

सखूबाई : तिच्याहून ल्हान. अंगानं काटक, गाल आसे तुकतुकीत. कपाळ उन्हानं तांबडं झाल्यालं. सुरकुती कशी आसती ते तिच्या अंगाला ठावच नव्हतं. मी तितं जाईन. ती पोर उभी आसंन. तिच्या समोरून ऐंशी वर्साची म्हातारी यील काठी टेकीत. आमच्यात रीत हाय बाई, म्हातारं मानूस आलं का पदर घ्यायचा अन वाकायचं. ती पदर घील. माझ्या पाया पडंन. माझी आय माझ्या पाया पडंन, अन म्होरं निघून जाईल, आपली सखू हुडकीत. मला सांग डॉक्टरनी, तवा म्या काय करू?

आशाबाई : आत्याबाई, डोळे पुसा. तो हात नको, या हातानं.

डॉक्टर : याचं औषध माझ्याकडं नाही, आजी. खरंच नाही.

सखूबाई : तुझ्यावर राग नाय. तू खरं सांगितलं, बरं केलं. कातड्याची वळख लई वंगाळ बाई. मेंढीचं कोकरू मेलं ना, तर आमी काय करतो ठाव हाय? मेल्या कोकराचं कातडं काढतो, अन आय मेल्याल्या दुसऱ्या कोकराला पांघरतो. मेंढी हुंगती. तिला वाटतं माझंच हाय. पाजती.

आशाबाई : मेंढी फसते?

सखूबाई : कातड्याला फसती. तिचं मेलं आसतं ना, म्हनून फसती.

डॉक्टर : आणि ज्या मेंढीचं कोकरू जिवंत आहे, तिला असं दुसरं कोकरू दिलं तर?

सखूबाई : ती कशाला घील? लाथ मारंल. तिच्या कोकराला तिनं हाकंवरून वळखल्यालं आसतं. दिस बुडायच्या वक्ताला मेंढरं रानातून यायची. आय म्हनायची, सखे, सोड कोकरं. म्या वाघर वर उचलायची. शंभर मेंढ्या हिकडून, शंभर कोकरं तिकडून, अन ही धूळ. धुळीत काय दिसतंय? समदी कोकरं सारखीच, काळीच. पर कोकरू वरडायचं, अन तितक्या कालव्यात तिची आय मान वर करायची. येक बी चुकायचं नाय. म्या कमरंवर हात ठिवून बघत बसायची. घटकाभरात समदं गप व्हायचं. नुस्ता दूध पिल्याचा आवाज.

डॉक्टर : मेंढी शोधायला जायची की कोकरू यायचं?

सखूबाई : मेंढी कुटं हुडकायला जाती? ती उभी ऱ्हाती. कोकरानं वरडायचं आसतं.

आशाबाई : आत्याबाई, काय झालं? दुखतंय का? म्याडम, पट्टी घट्ट झाली का?

सखूबाई : नाय. पट्टी चांगली हाय.

डॉक्टर : मग बोलता बोलता थांबलात का?

सखूबाई : हात दाविन्याचंच धरून बसले व्हते मी. तिनं वळखावं, तिनं वळखावं. ती काऊन वळखंन? ती पोर हाय. मला ती दिसंन की. माझे डोळे तिला चुकायचे नाय.

आशाबाई : तुमचा आवाजसुद्धा म्हातारा झालाय, आत्याबाई. चिडू नका, म्हणते आपली.

सखूबाई : होऊ दे की. "आय" म्हनून हाक मारनारं तिला दुसरं हाय कोन? भाऊ गेला, त्यो बोलाया बी लागला नव्हता. पदर घिऊन ती माझ्या पायाला वाकंल, तवा ऐंशी वर्साची म्हातारी तिला "आय" म्हनंल. ती वर बघंलच की, गं.